तीन गाड्या आणि ऊडनाडॅटा ट्रॅक: निघायच्या आधी काय करायचं, वाटेत काय, आणि लोक हमखास कुठे चुकतात

एप्रिल संपत आला की मला मेसेज यायला लागतात. ताई, आम्ही तीन फॅमिली मिळून आउटबॅकला चाललोय, प्राडो घेऊ की फोर्च्युनर? गेल्या काही वर्षांत असे खूप जण विचारून गेले, पण टायरमध्ये हवा किती ठेवायची हे आधी विचारणारा एकच भेटला आणि त्याच्याच गाडीला त्या ट्रिपमध्ये काही झालं नाही. म्हणून आता एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

हे सगळं साउथ ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या, ऊडनाडॅटा ट्रॅकबद्दल आहे. मॅरी गावापासून मार्लापर्यंत साधारण ६२० किलोमीटर कच्चा रस्ता, अॅडलेडहून जाऊन परत यायला आठ दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्या छोट्या ग्रुपला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. सिम्प्सन वाळवंट पहिल्या खेपेला नको. तिथे अकराशेच्या आसपास वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात, गाडीवर उंच झेंडा सक्तीचा, वेगळा पास काढावा लागतो आणि उन्हामुळे १ डिसेंबर ते १५ मार्च ते बंदच असतं. आधी हे करा, मग ते.

टप्पा १: माणसं आणि गाड्या (निघायच्या सहा आठवडे आधी)

गाड्या तीन. दोन असतील तर एक बंद पडल्यावर सगळी मंडळी एकाच गाडीत कोंबायची किंवा कोणालातरी एकटं सोडून जायचं. तीन असल्या की एक बिघडलेल्या गाडीपाशी थांबते, एक मदत आणायला जाते. पाच-सहा झाल्या की मात्र ती वरात होते, सकाळी निघायलाच दहा वाजतात आणि धुळीत शेवटच्या गाडीचा पत्ता नसतो.

ग्रुपचं सगळं गणित सगळ्यात कमजोर गाडीवर करायचं. कोणाची टाकी लहान, कोणाची गाडी जमिनीला टेकते, कोणाकडे पूर्ण मापाची स्टेपनी नाही हे आधी विचारून घ्या. रस्ता कोरडा असेल तर साधी ऑल-व्हील एसयूव्हीसुद्धा हा ट्रॅक पार करते हे खरं आहे, पण डिक्कीत ती सायकलच्या चाकासारखी बारीक स्टेपनी असेल तर ती गाडी नको, विषय संपला.

भाड्याची गाडी घेणार असाल तर अॅग्रीमेंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे असं नसतं, बऱ्याच कंपन्या डांबर सुटलं की विमा काढून घेतात. ट्रॅकचं नाव घालून लेखी परवानगी मागा, काउंटरवरच्या मुलाचं "शुड बी फाइन" पुढे कामाला येत नाही. आणि भारतातून भाऊ-वहिनी, मित्र येऊन गाडी चालवणार असतील तर त्यांनी निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणायचं, इथे आल्यावर ते मिळत नाही.

आता अवघड काम. म्होरक्या कोण ते ठरवा, आणि ते ग्रुपमध्ये लिहून टाका. आपल्या लोकांत हे ठरवायला संकोच वाटतो, सगळेच मित्र, कोण कोणाला सांगणार. पण आभाळ भरून आलेलं असताना पुढे जायचं की मागे फिरायचं यावर रस्त्यात तीन जोडप्यांची सभा भरली की दोन तास जातात आणि शेवटी जो मोठ्याने बोलतो त्याचं ऐकलं जातं. आमचा नियम सोपा आहे, पुढे जायचं असेल तर सगळ्यांचं "हो" लागतं, थांबायचं असेल तर एकाचं "नको" पुरतं.

तपासा: प्रत्येक गाडीत गाडी चालवणारे दोन. एकच असेल तर तो तिसऱ्या दिवशी दुपारी डुलक्या काढणार.

टप्पा २: तारखा आणि मुक्काम

मे ते सप्टेंबर. जूनच्या अखेरीपासून जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा "वाळवंट म्हणजे गरम" असं समजून पातळ चादरी घेऊन येऊ नका. डिसेंबरच्या सुट्टीत जायचा विचार डोक्यातून काढून टाका, सुट्टी मोठी असली तरी.

आमचा क्रम असा असतो: पहिला दिवस अॅडलेड ते हॉकर, दुसरा मॅरी, तिसरा कावर्ड स्प्रिंग्ज, चौथा विल्यम क्रीक, पाचवा ऊडनाडॅटा, सहावा मार्ला, मग कूबर पीडीवरून दोन दिवसांत डांबरी हायवेने घरी. तिसऱ्या दिवशी फक्त १३० किलोमीटर असतात आणि सगळे म्हणतात एवढंच का. कारण वाटेत ब्लँच कप आणि बबलर हे जमिनीतून उमळणारे झरे आहेत, पहिल्यांदाच कच्च्या रस्त्यावर दिवसभर गाडी चालवताय, आणि कावर्ड स्प्रिंग्जला खजुराच्या झाडांजवळ कोमट पाण्याचा छोटा हौद आहे, तिथे चारच्या आत पोचलात तर बसायला मिळतं.

शिवाय दोन दिवस मोकळे ठेवा. मोकळे म्हणजे कामावर परत जायच्या तारखेच्या आधी दोन दिवस रिकामे. थोडासा पाऊस झाला तरी इथे रस्ता बंद करतात, चिखल असा चिकट की टायरचे खाचे भरून ते गुळगुळीत होतात आणि गाडी स्टेअरिंग ऐकत नाही. "सोमवारी ऑफिस आहे" हे कारण घेऊन लोक बंद रस्त्यावर गाडी घालतात, मग दंड वेगळा, विम्याचं भांडण वेगळं, आणि ओल्यात पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात त्या मागून येणाऱ्यांच्या नशिबी.

तपासा: राज्य सरकारच्या साइटवर आउटबॅक रस्त्यांची स्थिती रोज बघायची, निघायच्या आदल्या रात्री आणि वाटेत जिथे नेटवर्क मिळेल तिथे. मॅरीला ट्रॅकच्या तोंडाशी उघडा-बंदचा बोर्ड असतो, तो शेवटचा शब्द.

टप्पा ३: वजन

इथेच सगळे चुकतात आणि कोणाला कळतही नाही. या मापाच्या बऱ्याच गाड्यांना माणसं धरून साधारण सहाशे किलोच्या आसपास वजन चालतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा दाराच्या आतल्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. आता मांडा: चार मोठी माणसं ३०० किलो, पाणी ८४, फ्रिज भरून ५०, तंबू-अंथरुणं ६०, जादा स्टेपनी ३५, रुतलेली गाडी ओढायचं सामान २५. झाले ५५४, आणि अजून एकाही बॅगेत कपडे भरलेले नाहीत. बुलबार (पुढचा लोखंडी कठडा), रूफ रॅक, ड्रॉवर बसवलेत? तेही यातच मोजायचे.

गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. थोडे डॉलर पडतात. आमच्या एका ट्रिपला तीनपैकी दोन गाड्या मर्यादेच्या वर निघाल्या होत्या, मग काट्यावरच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या खुर्च्या, दुसरा शेगडीचा सेट, आणि आठ दिवसांसाठी आणलेला दहा किलो तांदूळ बाहेर काढला. दहा किलो!

जड ते खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. टपावर फक्त हलकं, म्हणजे गाद्या, तंबू, रिकामे डबे. डिझेलचे कॅन टपावर बांधलेली गाडी वळणावर कशी डोलते ते एकदा बघितलंत की परत बांधणार नाही. आणि डिक्कीतलं सामान जाळीने किंवा रॅचेट पट्ट्याने आवळायचं, करकचून ब्रेक लागला तर कुकर मागच्या सीटवरच्या पोराच्या डोक्यात येतो.

टप्पा ४: गाडीची तयारी (दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी नाही)

सर्व्हिस, बॅटरी, बेल्ट, होज, कूलंट, एअर फिल्टर हे गॅरेजवाला बघेल. त्याने न बघितलेलं तुम्ही बघायचं. टायर जाड बाजूचे, एलटी (लाइट ट्रक) छाप असलेले हवेत, गाडीसोबत आलेले शहरी टायर धारदार दगडांवर बाजूने फाटतात आणि बाजूची चीर पंक्चर किटने भरत नाही. शक्य असेल तर दोन स्टेपन्या, नाहीतर निदान तीन गाड्यांत एकाच मापाचे टायर असले तर स्टेपन्या एकमेकांना लावता येतात. हे गाड्या ठरवतानाच बघितलं तर बरं.

मग घरासमोर, भरलेल्या गाडीसकट, चाक बदलून बघा. खरोखर बदला. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असेल तर ती खाली उतरते का, जॅक पुरेसा वर जातो का, जॅकखाली घालायला फळी आहे का. आणि चोरीपासून वाचवणाऱ्या लॉक नटची चावी कुठे आहे? आमच्यातला एकजण ती चावी अॅडलेडच्या घरी, किल्ल्यांच्या बाऊलमध्ये ठेवून आला होता. पंक्चर झालं विल्यम क्रीकच्या अलीकडे. दोन तास गेले, एक पाना वाकला, शेवटी वाटेने येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने जुना सॉकेट हातोड्याने नटवर ठोकून बसवला आणि तो निघाला, मग म्हणाला, पुढच्या वेळी साधे नट लाव.

तपासा: प्रत्येक गाडीत कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर, पंक्चर किट, फावडं. ग्रुपमध्ये मिळून एक नाही, प्रत्येक गाडीत.

टप्पा ५: डिझेल, पाणी, खाणं

डिझेलबद्दल लोक उगाच घाबरतात. मॅरी ते विल्यम क्रीक साधारण २०० किलोमीटर, तिथून ऊडनाडॅटा आणखी २००, तिथून मार्ला २१०, आणि तिन्ही ठिकाणी तेल मिळतं. म्हणजे मुख्य ट्रॅकला चार-चार कॅन लागतच नाहीत, प्रत्येक गाडीत वीस लिटरचा एक पुरे. फक्त प्रत्येक पंपावर टाकी पूर्ण भरायची, अर्धी असली तरी, भाव बघून तोंड वाकडं झालं तरी. पुढच्या ठिकाणी पंप बंद असू शकतो. कच्च्या रस्त्यावर गाडी शहरापेक्षा जास्त पिते, मी हिशोब तीस टक्के जादा धरून करते.

पाण्याचं उलट आहे, तिथे लोक निर्धास्त असतात. माणशी रोज सात लिटर, पिणं-स्वयंपाक-हात धुणं धरून, आणि कुठल्याही क्षणी गाडीत तीन दिवसांचं शिल्लक असायला हवं. चार माणसांना ८४ लिटर. सगळं एका मोठ्या टाकीत नको, वीस-वीसच्या कॅनमध्ये, एक फुटला तर बाकीचे राहतात. प्यायचं पाणी पोर्ट ऑगस्टापर्यंत भरून घ्या, पुढे बऱ्याच ठिकाणी बोअरचं खारट पाणी असतं, त्याचा चहा पिऊन बघा एकदा.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगू. मेतकूट-भात, पिठलं, उपम्याचं प्रीमिक्स, दशम्या पहिल्या दोन दिवसांना, शेंगदाण्याची चटणी. एकच सांगते, लाडू नेऊ नका. पत्र्यासारख्या लाटांच्या रस्त्यावर बेसनाच्या लाडवांची ऊडनाडॅटापर्यंत पिठी झाली होती, चमच्याने खाल्ले. चटणीच्या बरणीचं झाकणही आपोआप फिरून उघडतं, चिकटपट्टी लावा.

सावधान: मेलबर्न-सिडनीहून येणाऱ्यांनी ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या, लिंबं घेऊन साउथ ऑस्ट्रेलियात शिरायचं नाही. फळमाशीमुळे बंदी आहे, रेनमार्कजवळ यांबाला चेकपोस्ट आहे, तिथे सगळं काढून घेतात आणि दंडही होतो. हिरव्या मिरच्यांची पिशवी लपवून न्यायचा प्रकार आपल्याच मंडळींनी केलेला माहिती आहे. मिरच्या अॅडलेड किंवा पोर्ट ऑगस्टाला घ्या.

टप्पा ६: संपर्काची साधनं

मोबाइल गावापुरता, तोही टेल्स्ट्राचा. बाकी सिम घेऊन आलात तर फोन म्हणजे कॅमेरा. तर हे तीन हवंच:

एक, पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. बटण दाबलं की उपग्रहावरून बचाव यंत्रणेला तुमची जागा कळते. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे त्याची नोंदणी करायची, फुकट असते, नोंदणी नसेल तर समोरच्याला कळत नाही की हाक कोण मारतंय. जिवावर बेतलं तरच दाबायचं, पंक्चरला नाही.

दोन, सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, ग्रुपमध्ये निदान एक. "उशीर होतोय, ठीक आहोत" हे सांगायला पीएलबी उपयोगाचं नाही. नवीन फोनवर उपग्रहावरून इमर्जन्सी मेसेज जातो, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

तीन, यूएचएफ रेडिओ, प्रत्येक गाडीत, पाच वॅटचा. हातातला खेळण्यातला नको. फोर-व्हील ड्राइव्हवाले चॅनल १० वापरतात, ट्रकवाले ४०. चॅनल ५ आणि ३५ फक्त आणीबाणीला, तिथे गप्पा मारणं बेकायदा आहे. आम्ही आपापसात मराठीत बोलतो, मजा येते, पण समोरून गाडी येतेय किंवा ट्रकला ओव्हरटेक करायचंय हे इंग्रजीत सांगायचं, ऐकणारे दुसरेही असतात.

आणि चौथं, ज्याला पैसे लागत नाहीत. घरी राहणाऱ्या एका माणसाकडे कागद द्या: गाड्यांचे नंबर, माणसांची नावं, कुठल्या दिवशी कुठे, आणि "अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव". वेळ नक्की लिहायची. "संध्याकाळी कधीतरी" लिहिलंत तर तो माणूस रात्रभर कळवू की नको करत बसेल.

टप्पा ७: हवा

डांबर संपलं की थांबायचं आणि हवा कमी करायची. तिन्ही गाड्यांनी, सगळ्यांनी उतरून. दहा मिनिटं लागतात आणि नेमकी हीच दहा मिनिटं लोक वाचवतात.

कारण असं. हायवेला गाडीत समजा ३६-३८ पीएसआय आहे. टायर दगडासारखा कडक असतो, टोकदार खडा लागला की त्याला दबायला जागा नाही, म्हणून तो फाटतो. हवा २८ वर आणली की टायर खड्याभोवती वाकतो, गाडीचा थरथराट कमी होतो, बोल्ट सैल होत नाहीत, ब्रेक चांगले लागतात. वाळूत १८ वर आणा, रुतायला लागली तर १५-१६. पण हवा कमी म्हणजे वेगही कमी, कारण मऊ टायर वेगात गरम होऊन आतून खलास होतो. २८ ला ताशी ८० च्या आत, १८ ला ४० च्या आत.

बरोबर झालंय का ते कसं कळणार? सकाळी थंड टायरची हवा लिहून ठेवा. तासभर चालवून परत मोजा. साधारण चार पीएसआय वाढली तर जमलं. त्याहून जास्त वाढली म्हणजे हवा फार कमी ठेवलीये, किंवा वजन जास्त, किंवा तुम्ही पळवताय. वाढ कमी असेल तर अजून थोडी सोडा. एलटी टायरला सहापर्यंत चालते. मी हे आकडे डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावून पेनने लिहिते, नवरा हसतो, पण पंक्चर आतापर्यंत त्याच्याच गाडीची झालीत.

सावधान: चाकांचे नट कच्च्या रस्त्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पान्याने परत बघा, आणि मग रोज सकाळी. सोबत गाडीखाली वाकून एक नजर, काही लोंबतंय का, काही गळतंय का.

टप्पा ८: रांगेत गाडी चालवणं

पुढे म्होरक्या, मागे सगळ्यात अनुभवी गाडी, नवखा मध्ये. लोक उलटं करतात, अनुभवी दोघं पुढे पळतात आणि नवखा मागे धूळ खात येतो, त्याचं पंक्चर झालं तर कोणाला कळत नाही.

अंतर धूळ बसेल एवढं. वारा नसेल तर एक किलोमीटरसुद्धा लागतो. "मग हरवलो तर?" म्हणून लोक चिकटून चालवतात आणि पुढच्याने ब्रेक मारला की धुळीत दिसत नाही. उपाय एकच: प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. वळण आलं, फाटा आला, की तिथे थांबायचं, मागची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही. मग पुढचा किती पुढे गेला याची काळजी नको, तोही तुमच्यासाठी पुढच्या फाट्यावर थांबलेला असतो. हेडलाइट दिवसाही चालू.

सुट्या खडीवर गाडी फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं ढकलतील अशी, ठेवा, मागची दोन चाकं एकटी ढकलत असली की वळणावर घसरतात. डांबरावर आलं की काढायला विसरू नका, पार्ट-टाइम सिस्टीम असेल तर गिअर आवळले जातात. लाटांच्या रस्त्यावर फार हळू गेलात तर दात वाजतात, ७० च्या आसपास गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगल्यासारखी जाते, पण त्याच वेळी टायरची पकड कमी असते, तेव्हा वळणाच्या आधीच वेग काढायचा. आणि फुफाटा. पिठासारखी बारीक तांबूस धूळ खड्ड्यात काठोकाठ भरलेली असते, वरून सपाट रस्ता दिसतो, आत गुडघाभर खड्डा. रस्त्याचा रंग किंवा पोत बदललेला दिसला की पाय अॅक्सिलेटरवरून काढा. धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बाहेरची हवा घेण्यावर आणि जोरात, आत दाब राहिला की डिक्कीच्या फटीतून धूळ ओढली जात नाही. दुसऱ्याच्या धुळीत असाल तेवढ्या वेळ रिसर्क्युलेशन.

समोरून रोड ट्रेन आली, म्हणजे तीन-चार डबे जोडलेला पन्नास मीटरच्या पुढचा ट्रक, तर डावीकडे घेऊन थांबा. तो थांबू शकत नाही. त्याच्या मागे धूळ बसेपर्यंत परत रस्त्यावर येऊ नका, मागे दुसरा असतो. कांगारू किंवा इमू आडवा आला तर सरळ ब्रेक, स्टेअरिंग झटकायचं नाही. इमू दोनदा दिशा बदलतो, डोकं नावाला.

तपासा: सूर्य मावळायच्या तासभर आधी गाड्या मुक्कामाला. अंधारात चालवायचं नाही, अर्धा तासच राहिलाय असं वाटलं तरी.

टप्पा ९: गाडी रुतली तर

क्रम पाठ करा, घाईत तोच विसरतो. चाक फिरलं की पाय काढा, अजून रेस दिलीत तर गाडी पोटावर बसते. उतरा. हवा अजून कमी करा. चारही चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, थोडी नाही, नीट काढा. ज्या चाकोरीने आलात त्याच चाकोरीने मागे घ्यायचा प्रयत्न करा. नाही जमलं तर चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे पकड देणाऱ्या फळ्या, मॅक्सट्रॅक्स वगैरे, घट्ट सारून, हळू. दहातल्या आठ वेळा इथेच सुटते.

त्यानंतरच पट्टा. स्नॅच स्ट्रॅप हा साध्या टोचनाच्या दोरासारखा नसतो, तो रबरासारखा ताणला जातो आणि ती ओढ गाडी बाहेर काढते. म्हणूनच तो अडकवायचा फक्त चॅसीला बोल्ट केलेल्या, भार लिहिलेल्या हुकला. टोबॉलला कधीच नाही. ट्रेलर लावायचा तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा येतो, ऑस्ट्रेलियात यात माणसं गेली आहेत. पट्ट्यावर मधोमध ओली गोणी किंवा डॅम्पर टाकायचा, बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि बाजूला, सरळ रेषेत नाही. व्हिडिओ काढणारा मामा सगळ्यात आधी लांब पाठवा.

या ट्रॅकवर मुख्य रस्त्यात वाळूत रुतायची वेळ सहसा येत नाही. ती येते विल्यम क्रीकजवळून हॅलिगन बेला जाणाऱ्या ६४ किलोमीटरच्या फाट्यावर, आणि मिठाच्या तळ्यांच्या कडेला, जिथे वरची खपली कोरडी आणि खाली चिखल असतो. काटी थांडा, म्हणजे लेक एअर, हा अरबाना लोकांचा मुलूख आहे. तळ्याच्या तळावर गाडी न्यायला बंदी आहे, बाकी काय चालतं ते तिथल्या पाटीवर वाचा आणि तेवढंच करा.

टप्पा १०: मुक्काम

इथे फार सांगण्यासारखं नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू नको. गुरांची फाटकं जशी उघडी-बंद असतील तशीच ठेवून जायची. शौचाला जायचं तर पाण्यापासून शंभर मीटर लांब, फावड्याने वीतभर तरी खोल, कागद पुरायचा नाही, पिशवीत परत न्यायचा. बूट रात्री आत. भांडी आधी कागदाने पुसा मग धुवा, पाणी अर्धं लागतं. डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, फिरतात, खाण्याचे डबे गाडीतच ठेवायचे, आणि माशांची जाळी टोपीवर घालायला लाजू नका, तिसऱ्या तासाला सगळेच घालतात.

टप्पा ११: खरंच अडकलात तर

गाडी सोडायची नाही. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

१९९८ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाहून आलेल्या एका जोडप्याची गाडी याच हॅलिगन बेला वाळूत रुतली. मदत आली नाही म्हणून दोघं विल्यम क्रीककडे पायी निघाले. तो वाटेतून गाडीपाशी परतला आणि वाचला. ती पुढे चालत राहिली, तिचा मृतदेह नंतर वाटेत सापडला. विमानातून गाडी दिसते, चालणारं माणूस दिसत नाही, आणि उन्हाळ्यात चालताना शरीराला लागतं तेवढं पाणी पाठीवर मावत नाही.

म्हणून: गाडीच्या सावलीला ताडपत्री बांधा, बॉनेट वर करा, आपण थांबलोय कुठे ते सॅटेलाइटवरून कळवा. तिसरी गाडी मदतीला जाणार असेल तर तिच्यात दोन माणसं, पुरेसं पाणी, आणि परत कधी येणार ती वेळ ठरवून. तहान लागली की पाणी प्या, घोट-घोट राखून ठेवणं उलट अंगावर येतं, त्याऐवजी दुपारी हालचाल कमी करा. जिवाला धोका असेल तर ००० हा इमर्जन्सी नंबर, नेटवर्क नसेल तर पीएलबी, आकाश मोकळं दिसेल अशा जागी ठेवून, आणि एकदा चालू केलं की बंद करायचं नाही.

टप्पा १२: मार्ला

डांबर लागलं की हवा परत भरायची, ३६-३८. २८ वर हायवेला ११० ने सुटलेले टायर तासाभरात फाटलेले पाहिलेत. फोर-हाय काढा, नट बघा, एअर फिल्टर झटका, तांबड्या धुळीचा ढीग पडेल.

पण त्याच्याही आधी घरच्या माणसाला फोन. आम्ही एकदा मार्लाला साडेपाचला पोचलो, गरम बर्गर दिसला, शॉवर दिसला, पोरं पळाली, आणि कोणालाच आठवण राहिली नाही. कागदावर वेळ लिहिलेली होती आठ. सात चाळीसला मी केस पुसत बाहेर आले आणि फोन बघितला तर वहिनीचे अकरा मिस्ड कॉल, आणि मेसेज: "पोलिसांचा नंबर काढून बसलेय, वीस मिनिटं आहेत."